इंजिन बदललेल्या जिप्सीत कूलंट सेन्सरची जागा बदलली: तिन्ही ऋतूंनंतरचा अनुभव

जिप्सीसारख्या, इंजिन उभे (गाडीच्या लांबीच्या दिशेने) बसणाऱ्या गाडीत, इंजिन आडवे (रुंदीच्या दिशेने) बसणाऱ्या गाडीचे इंजिन बसवायचे ठरले, की बहुतेक चर्चा माउंटिंग, बेलहाऊसिंग, सायलेन्सरचा पाइप आणि वायरिंग यांभोवती फिरते. कूलंटचे, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचे, तापमान मोजणारा सेन्सर या यादीत अगदी शेवटी येतो आणि पाण्याचा संपर्क होईल अशा मिळेल त्या जागी बसवला जातो. माझ्या गाडीत हा सेन्सर नव्या जागी बसवल्यानंतर एक पूर्ण उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा उलटला आहे. पुण्यातील रहदारी, सिंहगडाचा चढ आणि खंबाटकीचा घाट या सर्व ठिकाणी वापर करून झाल्यावर माझे मत असे झाले आहे, की एमपीएफआय (संगणकाच्या नियंत्रणाखाली पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनासाठी या सेन्सरची जागा माउंटिंगइतक्याच काळजीने ठरवली पाहिजे.

गाडी मूळची कार्ब्युरेटरची, १.३ लिटरची. तिच्यात त्याच कंपनीच्या एका जुन्या सेडान गाडीतील १.३ लिटरचे एमपीएफआय इंजिन बसवले. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलण्यासाठी आरटीओची मंजुरी लागते आणि नवा इंजिन क्रमांक आरसीवर नोंदवून घ्यावा लागतो. ही नोंद झाल्याखेरीज आणि विमा कंपनीला कळवल्याखेरीज गाडी रस्त्यावर आणू नये. कागदपत्रांविषयी एवढेच पुरे.

आडव्या इंजिनातून हेडच्या फ्लायव्हीलकडील टोकाला निघणारा पाण्याचा एल्बो, इंजिन उभे बसवले की नेमका फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या, पत्र्याकडे तोंड करून राहतो. ईसीयूचा, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचा, सेन्सर याच एल्बोवर होता. तिथे होज बसवायला जागा नव्हती आणि सेन्सरचा कनेक्टर काढण्याइतका हातही आत जात नव्हता. म्हणून मागची वाट प्लेट लावून बंद केली आणि पाणी पुढच्या बाजूने, थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) हाऊसिंगमधून रेडिएटरकडे नेले. पुढच्या या हाऊसिंगवर ईसीयूच्या सेन्सरसाठी आटे पाडलेले भोकच नव्हते, आणि सगळा प्रश्न इथून सुरू झाला.

अशा इंजिनाला पाण्याचे तापमान दोन ठिकाणी कळवावे लागते. डॅशबोर्डवरील काट्यासाठी एक तारेचा सेन्सर असतो आणि त्याचे अर्थिंग त्याच्या आट्यांमधूनच होते. ईसीयूसाठी दोन तारांचा वेगळा सेन्सर असतो आणि त्याची अर्थिंगची तार थेट ईसीयूकडे परत जाते. काट्याचा सेन्सर चुकला तर चालकाची दिशाभूल होते. ईसीयूचा सेन्सर चुकला तर खुद्द इंजिनाची दिशाभूल होते, कारण पेट्रोल किती सोडायचे, आयडलिंग किती ठेवायचे आणि ठिणगी किती आधी पाडायची हे ईसीयू याच आकड्याच्या आधारे ठरवतो. तापमान वाढेल तसा या सेन्सरचा रोध कमी होतो. माझा सेन्सर पातेल्यातील पाण्यात थर्मामीटरसह ठेवून मल्टिमीटरने तपासला, तेव्हा २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम, ६० अंशांना सहाशेच्या आसपास आणि ८० अंशांना सुमारे तीनशे ओहम असे आकडे मिळाले. जुना सेन्सर पुन्हा वापरणाऱ्यांनी ही तपासणी आधी अवश्य करावी. तिला फारसा वेळ लागत नाही आणि पुढचे बरेच संशय त्यामुळे मिटतात.

जागेचे तीन पर्याय माझ्यासमोर होते. सर्वांत सोपा आणि गॅरेजमध्ये सर्वप्रथम सुचवला गेलेला पर्याय म्हणजे रेडिएटरचा वरचा होज मध्ये कापून त्यात आटे असलेला ॲल्युमिनियमचा जोडतुकडा बसवणे. दुसरा, तोच तुकडा हीटरच्या होजमध्ये बसवणे. तिसरा, थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगखाली एक जाड ॲल्युमिनियम प्लेट बसवून तिच्या बाजूला दोन्ही सेन्सरचे आटे पाडणे. मी तिसरा पर्याय निवडला. तरीही पहिला पर्याय इतका प्रचलित आहे, की त्याची प्रत्यक्ष तुलना केल्याशिवाय त्याविषयी बोलणे मला योग्य वाटले नाही. म्हणून त्याच जातीचा दुसरा सेन्सर काही आठवडे वरच्या होजमध्ये बसवून त्याच्या तारा केबिनमध्ये मल्टिमीटरपर्यंत आणल्या. या काळात ईसीयू मात्र प्लेटमधील सेन्सरवरच चालत होता.

त्या तुलनेत जे दिसले, तेच या लेखाचे मुख्य प्रयोजन आहे. वरचा होज थर्मोस्टॅटच्या पलीकडे असतो. थर्मोस्टॅट बंद असेपर्यंत त्यातील पाणी जवळजवळ हलत नाही, त्यामुळे सकाळी गाडी सुरू केल्यावर प्लेटमधील सेन्सर ७० अंशांच्या पुढे गेला तरी होजमधील सेन्सर नुकताच कोमट झालेला असे. मग माझा ८२ अंशांचा थर्मोस्टॅट उघडला, की होजमधील आकडा एकदम उडी मारून वर येई. याचा अर्थ असा, की ईसीयू होजमधील सेन्सरवर जोडला असता, तर इंजिन प्रत्यक्षात तापले असतानाही तो त्याला गारच समजून जास्त पेट्रोल देत राहिला असता. डेक्कनहून कोथरूडसारखा छोटा प्रवास रोज करणाऱ्याच्या बाबतीत तर जवळजवळ सगळा प्रवास याच अवस्थेत होईल. डिसेंबरच्या गार पहाटे सिंहगडाचा घाट उतरताना आणखी एक गोष्ट दिसली. पाय ॲक्सिलरेटरवर नसताना थर्मोस्टॅट मिटला आणि होजमधील आकडा भराभर खाली आला, पण प्लेटमधील आकडा थोडासाच घसरून स्थिर राहिला.

हीटरच्या होजचा पर्याय याहून बरा आहे, कारण ते पाणी थर्मोस्टॅटच्या अलीकडून निघते. तथापि जिप्सीच्या हीटरला पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह आहे, आणि पुण्यात वर्षातील बहुतेक महिने तो बंदच असतो. तो बंद असला की त्या होजमधील पाणी जागच्या जागी थांबते आणि सेन्सर इंजिनाचे तापमान न दाखवता साचलेल्या पाण्याचे दाखवतो. व्हॉल्व्ह काढून टाकून पाणी सतत फिरते ठेवणार असाल तर हा पर्याय चालू शकेल, पण मग उन्हाळ्यात केबिनमध्ये येणारी उष्णता सोसावी लागेल.

प्लेट भोसरीतील एका छोट्या कारखान्यात करून घेतली. जाडी २५ मिलिमीटर ठेवली, कारण ईसीयूच्या सेन्सरचे एम १२ × १.५ चे आटे पुरेशा खोलीवर धरले जाणे आणि त्याभोवती भिंत उरणे आवश्यक होते. काट्यासाठी जिप्सीचाच मूळ सेन्सर ठेवला. दुसऱ्या गाडीच्या सेन्सरचा रोध जिप्सीच्या काट्याशी जुळेलच असे नाही, आणि न जुळल्यास गाडी नीट चालत असूनही काटा खाली किंवा वर दाखवतो. त्यामुळे सेन्सर बदलण्यापेक्षा प्लेटमध्ये त्याच्या मापाचे आटे पाडणे सोपे होते. दोन्ही सेन्सर आडवे बसवले आहेत. ते वरून उभे बसवले असते, तर कूलंट भरताना अडकलेला हवेचा बुडबुडा नेमका सेन्सरच्या टोकाभोवती राहिला असता, आणि हवेत किंवा वाफेत असलेला सेन्सर खऱ्याहून कमी तापमान दाखवतो. टोक वाहत्या पाण्यात पुढे आले पाहिजे, मात्र थर्मोस्टॅटच्या हालचालीत त्याचा अडथळा होता कामा नये, हेही प्रत्यक्ष जुळवून पाहिले.

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. काही इंजिनांच्या थर्मोस्टॅटला खाली आणखी एक चकती असते, जी थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर बायपासची वाट बंद करते. अशा थर्मोस्टॅटखाली प्लेट घातली, तर तो बायपासपासून दूर जातो, वाट कधीच बंद होत नाही आणि चढावर पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरत राहतो. माझा थर्मोस्टॅट या प्रकारचा नव्हता, म्हणून ही रचना मला चालली. तुमचा कोणता आहे, हे हाऊसिंग उघडून पाहिल्याशिवाय प्लेट करायला देऊ नका.

प्लेटच्या दोन्ही बाजूंना गास्केट आल्यामुळे काट्याच्या सेन्सरचे अर्थिंग केवळ बोल्टवर अवलंबून राहते. आट्यांवर टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळली तर तेही कमकुवत होते. मी टेप न वापरता तांब्याचे वॉशर आणि आट्यांवर अगदी थोडे सीलंट एवढेच वापरले, आणि प्लेटपासून इंजिन ब्लॉकपर्यंत एक छोटी अर्थिंगची तार स्वतंत्रपणे जोडली. तेव्हापासून हेडलाइट लावल्यावर काटा हलण्याचा प्रकार एकदाही दिसलेला नाही. प्लेटमुळे हाऊसिंग वर उचलले गेले, त्यासाठी लांब बोल्ट लागले आणि वरचा होज थोडा कापावा लागला. बॉनेटला काही लागत नाही.

उन्हाळ्यातील कामगिरी मला पूर्ण समाधानकारक वाटली. गोळेवाडीपासून सिंहगडाच्या वाहनतळापर्यंतचा चढ भर दुपारी दुसऱ्या गिअरमध्ये चढताना पाणी नव्वदीच्या पुढे जाते आणि वर थांबल्यावर काही मिनिटांत पुन्हा थर्मोस्टॅटच्या तापमानाजवळ येते. ही वाढ आता मला ती घडत असतानाच दिसते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे साधे पाणी उघड्यावर ९८ अंशांच्या आसपासच उकळते. कूलंटचे निम्मे मिश्रण आणि रेडिएटरचे दाब धरून ठेवणारे ०.९ चे झाकण यांच्यामुळे ही मर्यादा १२० अंशांच्याही पुढे जाते. म्हणून ९५ हा आकडा घाटात दिसला तर घाबरण्याचे कारण नाही, मात्र झाकणाचे रबर कडक झालेले नाही याची खात्री असली पाहिजे. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये घालू नये, हे या निमित्ताने पुन्हा सांगतो. सेन्सरच्या टोकावर क्षारांचा थर बसला की तो तापमानातील बदल उशिरा टिपतो.

एकच बिघाड उद्भवला, तो पावसाळ्यात. ताम्हिणीतून परतल्यानंतर काही दिवसांनी गरम इंजिनाचे आयडलिंग चढे राहू लागले, सायलेन्सरला पेट्रोलचा वास येऊ लागला आणि ॲव्हरेज उतरले. चेक इंजिनचा दिवा मात्र लागला नाही. सेन्सर थेट मोजला तर आकडा अचूक होता, पण ईसीयूच्या टोकाकडून मोजल्यावर सुमारे तीनशे ओहम जास्त येत होते. कनेक्टरच्या एका पिनवर हिरवट गंज चढला होता. थंड इंजिनात अडीच हजारांत तीनशेची भर फारशी जाणवत नाही, पण ८० अंशांना मुळात तीनशेच ओहम असतात, त्यामुळे ते सहाशे झाले की ईसीयूच्या दृष्टीने इंजिन ६० अंशांवरच अडकते. तार पूर्ण तुटली असती तर ईसीयूने दोष पकडून दिवा लावला असता. असा अर्धवट गंज मात्र त्याला खरे तापमानच वाटतो. पिन बदलून, रबर सील असलेला कनेक्टर लावून आणि त्यात डायइलेक्ट्रिक ग्रीस भरून उरलेला सगळा पावसाळा काढला, तो दोष पुन्हा आला नाही. सेन्सरच्या दोन्ही तारा एकमेकींभोवती पीळ देऊन, प्लगच्या वायर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड या दोहोंपासून दूर नेल्या आहेत.

दुरुस्तीनंतर पीयूसी केंद्रावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा पूर्ववत खाली आला. इंजिन बदललेल्या गाडीत मिश्रण दाट झाल्याचा संशय असल्यास ही चाचणी नेहमीच्या मुदतीची वाट न पाहता करून घ्यावी, आणि ती इंजिन पूर्ण गरम असतानाच करावी.

इतक्या महिन्यांत प्लेटच्या वरच्या गास्केटपाशी एकदा किंचित ओल दिसली, ती बोल्ट ठरावीक ताकदीने पुन्हा आवळल्यावर थांबली. ॲल्युमिनियमच्या आट्यांत सेन्सर फार घट्ट आवळू नये, आटे निघाल्यास प्लेटच बदलावी लागते. पुढच्या वेळी कूलंट बदलताना दोन्ही तांब्याचे वॉशर नवीन घालणार आहे आणि सेन्सरचा रोध पुन्हा पातेल्यात मोजणार आहे.