आठ महिने जपानी अगरूच्या काड्या लावल्यावर

आधी कबुली, मी उदबत्तीवाली बाई अजिबात नव्हे. पुण्यात देवघरात काडी लागली की मला शिंका सुरू, त्या गोडमिट्ट मोगऱ्याने डोकं उठायचं. त्यामुळे ओसाकाला राहायला आल्यावर मी स्वतःच्या पैशाने उदबत्त्या घेईन असं कोणी सांगितलं असतं तर हसले असते. झालं असं की गेल्या जूनमध्ये नवऱ्याला सकाईची सुरी घ्यायची होती (सकाई सुऱ्यांसाठी प्रसिद्ध, ओसाकाहून एका डब्याची जुनी ट्राम जाते), तो दुकानात पाती न्याहाळत तासभर अडकला आणि मी कंटाळून बाहेर पडले ती थेट बाइएइदो नावाच्या धुपाच्या दुकानात शिरले. 1657 पासून धूप करणारं घराणं आहे हे नंतर कळलं, तेव्हा फक्त एसी हवा होता.

तिथे जिन्को म्हणजे आपला अगरू. अक्विलारिया नावाच्या झाडाला जखम झाली, बुरशी लागली की झाड स्वतःला वाचवायला आतल्या आत राळ तयार करतं, वर्षानुवर्षं ती लाकडात मुरते आणि ते लाकूड इतकं जड होतं की चांगला तुकडा पाण्यात बुडतो, जपानी नावाचा अर्थच बुडणारा सुगंध असा आहे. निरोगी झाडाला हा वास नसतो. आणि त्यातला सगळ्यात वरचा, मुख्यतः व्हिएतनामचा, तो क्यारा. आपण उदबत्ती म्हणतो त्यातला ऊदही मूळचा हाच, अगरबत्तीतला अगरही हाच, फक्त आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पुड्यात तो नावापुरताच उरलाय.

पहिला महिना मी सगळं चुकीचं केलं हे सांगते म्हणजे तुमचे पैसे वाचतील. जपानी काडीत बांबू नसतो, आख्खी काडी म्हणजेच मसाला, ताबूच्या झाडाच्या सालीची चिकट पूड घालून वळलेली, त्यामुळे ती बारीक आणि ठिसूळ असते (ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मागवलेल्या डब्यात निम्मा भुगा आला, त्याने हात वर केले, मी आता दुकानातूनच घेते). मी ती आपल्यासारखी लावायची, नाकाजवळ धरायची, दोन दोन एकदम, वर पंखा. वास? जळक्या लाकडाचा. वाटलं फसले. मग एकदा लावून बाजारात गेले, पाऊण तासाने दार उघडलं आणि दारातच थांबले, कारण घरात कसलातरी थंड, किंचित कडवट, आत गोडसर असा वास पसरला होता आणि काडी केव्हाच विझलेली. तेव्हापासून माझं मोजमाप एकच, काडी विझल्यावर अर्ध्या तासाने खोलीत काय उरतं. धुराजवळ बसून अगरूची परीक्षा होत नाही.

आता एकेकाचं. सुरुवात केली कोबुनबोकुपासून, ती खरं तर चंदनाची, अगरूची नव्हे, पण लावली आणि मला थेट दिवाळीची पहाट आठवली, उटणं! गव्हला-कचोरा, नागरमोथा, तो सगळा प्रकार. यात योगायोग फारसा नाही, जपानी धुपात लवंग, दालचिनी, चक्रीफूल, जटामांसी, भीमसेनी कापराच्या जातीचा कापूर हे सगळं पडतं, आणि चंदन म्हैसूरचं असेल तर त्याला वेगळा मान. रोजच्या वापराला उत्तम, पण उरत नाही, वीस मिनिटांत गायब.

निप्पोन कोदोची जिन्को जुझान घेतली कारण स्वस्त अगरू हवा होता. सौम्य, गोड, पाहुण्यांना आवडते, मला दोन महिन्यांत कंटाळा आला. वाईट नाही, पण तिच्याबद्दल सांगण्यासारखंही काही नाही.

काइउनको, ही बाइएइदोची, हीच माझी. काडी नेहमीपेक्षा जाड, जळायलाही जास्त वेळ घेते, सुरुवातीला मसाल्याचा डबा उघडल्यासारखं लवंग-दालचिनी आणि मागून हळूच कडू लाकूड येतं. पावसाळ्यात घर दमट असताना हिचा वास पडद्यात दुसऱ्या दिवशीपर्यंत राहायचा, तीच काडी जानेवारीत हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत निम्मीही वाटली नाही. म्हणजे रिव्ह्यू वाचताना लिहिणाऱ्याने कोणत्या ऋतूत लावली हेही बघा, मी सुरुवातीला बघितलं नाही आणि भलतंच ठरवून बसले.

शोएइदोची नानकुन मात्र सवयीने आवडली. पहिल्यांदा नवरा म्हणाला वाड्यातलं बंद कपाट उघडलं का, आणि खरंच, जटामांसीचा तो मातकट, थोडा जनावरासारखा वास अगरूच्या अंगावर बसलेला असतो. चौथ्या-पाचव्या काडीनंतर कळायला लागली. आता रविवार दुपारी हीच. शोएइदोचं क्योतोला निजोजवळ कुनजुकान म्हणून ठिकाण आहे, 2018 ला उघडलंय, तिथे छताला पांढरे डबे टांगलेत, त्यात आख्खं डोकं घालून वास घ्यायचा, दिसायला फार विनोदी पण काहीही विकत घेण्याआधी तिथे जाऊन या.

आणि क्यारा. मिनोरिएनची फू-इन क्यारा घेतली, तेवढ्या पैशात कोबुनबोकुचे किती डबे आले असते ते नवऱ्याने मोजून सांगितलं. जपानी लोक अगरूचे वास पाच चवींत सांगतात, गोड, आंबट, तिखट, खारट, कडू, आणि मला ते नाटक वाटायचं, पण खारट वास म्हणजे काय हे या काडीने समजलं, समुद्रावरून आल्यावर कपड्यांना येतो तसा, आणि मागे आंबूस. सुंदर आहे. पण रोज लावावी अशी नाही, आणि कामं करता करता लावली तर पैसे धुरात. एक लक्षात ठेवा, नावात क्यारा असला म्हणजे काडीत तेवढा क्यारा असतोच असं नाही, कुठल्याशा साइटवरून घेतलेली एक ‘क्यारा’ निव्वळ परफ्युम निघाली.

शेवटी नोव्हेंबरात छोटा इलेक्ट्रिक तापवायचा डबा आणि लाकडाचे तुकडे आणले. हे वेगळंच प्रकरण. जाळायचं नाही, फक्त तापवायचं, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पुरतो. जुन्या पद्धतीत राखेत निखारा पुरून वर अभ्रकाची चकती ठेवतात, मी आळशी. दुकानात दोन जाती मिळतात, शामु म्हणजे व्हिएतनाम-कंबोडियाकडचा, गोड, आणि तानी म्हणजे इंडोनेशियाकडचा, कडू आणि तिखट. दोन्ही शेजारी ठेवून बघितल्यावर काड्यांमधलं अगरू कुठलं याचा अंदाज यायला लागला, आधी मी जे अगरू समजत होते त्यातलं अर्धं लवंग होतं! जपानीत सुगंध ‘ऐकतात’ म्हणतात. नवऱ्याला डोळे बंद करून तीन ऐकवले, तिन्ही चुकले, मग माझी पाळी, एक बरोबर.

या तुकड्यांवरून आठवलं, नारात शोसोइनच्या खजिन्यात रानजाताई नावाचा अगरूचा ओंडका आहे, 156 सेंमी, 11.6 किलो. 1574 मध्ये ओदा नोबुनागा या बड्या सरदाराने त्यातला तुकडा कापून घेतला, 1877 मध्ये मेइजी सम्राटाने, आणि कुठे कुणी कापलं त्याच्या चिठ्ठ्या लावून ठेवल्यात. मी चिमट्याने माझा दाणा उचलते तेव्हा हात थरथरतो, यांनी सुरी कशी लावली कोण जाणे. आता जंगलातली झाडं इतकी कमी झालीत की 1995 पासून या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, भाव वाढण्याचं ते एक मोठं कारण.

गणपतीला पुण्याला जाताना काइउनकोचा डबा नेला होता. आईने लावली, दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, हिला वासच नाही गं, एवढ्या महागाची. आरती झाली, जेवणं झाली, आणि तासाभराने तीच विचारते, कुणी मसाल्याचा डबा उघडा ठेवलाय का.

सध्या काइउनकोच्या अकरा काड्या उरल्यात, मार्चमध्ये सकाईला जाऊन परत घेणार. नानकुन घेणार. जुझान नाही. क्यारा बोनस झाल्यावर बघू. आईने फोनवर सांगितलंय, येताना ती बिनवासाची काडी दोन डबे आण.