पेले, मॅराडोना, मेस्सी, रोनाल्डो: सर्वकालीन श्रेष्ठ फुटबॉलपटू निवडताना

पेले की मॅराडोना की मेस्सी, हा वाद तासन्‌तास चालतो, कारण वाद घालणारे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. एकाच्या मनात असतं, एका स्पर्धेत सर्वांत उंच कोण गेला? दुसऱ्याच्या मनात, त्या उंचीवर सर्वाधिक वर्षं कोण टिकला? आणि तिसऱ्याच्या मनात, आपल्या काळातल्या बाकीच्यांपेक्षा कोण किती पुढे होता? आमच्या मते पहिल्याचं उत्तर मॅराडोना, दुसऱ्याचं मेस्सी, तिसऱ्याचं पेले. यांतला तुमचा प्रश्न कुठला, हे आधी ठरवा आणि मगच आकड्यांना हात घाला.

| | पेले | मॅराडोना | मेस्सी | क्रिस्तियानो रोनाल्डो |
|---|---|---|---|---|
| विश्वचषकातले सामने (२०२२ पर्यंत) | १४ | २१ | २६ | २२ |
| त्यातले गोल | १२ | ८ | १३ | ८ |
| विश्वविजेतेपद (२०२२ पर्यंत) | १९५८, १९६२, १९७० | १९८६ | २०२२ | नाही |
| युरोपचा सर्वोच्च क्लब चषक | युरोपात खेळलाच नाही | नाही | ४ | ५ |
| बॅलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) | पात्र नव्हता | पात्र नव्हता | ८ | ५ |

शेवटच्या ओळीपाशी बरेच जण फसतात. १९५६ साली सुरू झालेला हा पुरस्कार १९९४ पर्यंत फक्त युरोपीय खेळाडूंना मिळत असे. त्यामुळे पेले आणि मॅराडोना यांच्या नावापुढे तो नाही म्हणून त्यांचं पारडं हलकं धरणं चूकच. चौथ्या ओळीचंही तसंच. १९९७ च्या आधी युरोपियन कपमध्ये (१९९२ पासून त्याचं नाव चॅम्पियन्स लीग) साधारणपणे प्रत्येक देशाचा फक्त विजेता उतरायचा आणि घरच्या लीगमध्ये दुसरं आलं की दार बंद व्हायचं. आता एकाच देशाचे चार किंवा अधिक संघ खेळतात. मोठ्या क्लबच्या खेळाडूला दरवर्षी नवी संधी मिळते.

पेले

१,२८१ गोल हा आकडा सर्रास सांगितला जातो. त्यात मैत्रीपूर्ण सामने, सांतोस या त्याच्या ब्राझिलियन क्लबचे परदेश दौरे आणि लष्करी संघाकडून खेळलेले सामनेही मोजलेले आहेत. अधिकृत सामन्यांतले गोल साडेसातशेच्या आसपास भरतात. मोठा आकडा टाकून दिला म्हणून पेले छोटा होत नाही. ब्राझीलसाठी ९२ सामन्यांत ७७ गोल हा हिशेब स्वच्छ आहे.

तीन विश्वचषक मात्र सारख्या वजनाचे धरू नका. १९५८ मध्ये सतरा वर्षांच्या पेलेने सहा गोल केले, त्यातले तीन उपांत्य फेरीत फ्रान्सविरुद्ध आणि दोन अंतिम सामन्यात स्वीडनविरुद्ध. १९६२ मध्ये तो दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला. तो चषक ब्राझीलने जिंकला तो मुख्यतः त्याचा सहकारी गारिंचाच्या बळावर. १९७० मध्ये गोल चार, पण त्या संघाचा सगळा खेळ त्याच्याभोवती फिरत होता. इटलीविरुद्धच्या अंतिम सामन्यातला चौथा गोल पुन्हा पाहा. जैर्झिन्योकडून चेंडू येतो, पेले तो थांबवतो, क्षणभर घाई करत नाही आणि उजवीकडच्या मोकळ्या जागेत हलकेच सोडतो. तिथे अजून कुणी पोहोचलेलंही नसतं. मागून धावत येणारा कार्लोस अल्बर्टो पाऊल न मोडता फटका मारतो. गोलांच्या यादीत पेलेचं नाव इथे सापडणार नाही.

'युरोपात खेळला नाही' या आक्षेपाचं उत्तर १९६२ च्या इंटरकॉन्टिनेंटल चषकात, म्हणजे युरोप आणि दक्षिण अमेरिका यांच्या क्लब विजेत्यांच्या लढतीत, मिळतं. समोर सलग दोनदा युरोपियन कप जिंकलेला पोर्तुगालचा बेनफिका होता. लिस्बनमध्ये, त्यांच्याच मैदानावर, सांतोसने ५-२ असा विजय मिळवला आणि त्यात पेलेचे तीन गोल होते.

मॅराडोना

एकाच स्पर्धेचा निकष लावला तर १९८६ च्या जवळपास कुणी येत नाही. अर्जेंटिनाचे एकूण गोल १४. त्यातले पाच मॅराडोनाचे, आणखी पाच त्याने करून दिलेले, आणि त्याच्या पाचांत एकही पेनल्टी नाही. मेस्सीच्या २०२२ मधल्या सात गोलांपैकी चार पेनल्टीचे होते. तुलना करताना हा फरक आवर्जून वेगळा काढा.

२२ जून १९८६ रोजी इंग्लंडविरुद्ध केलेला दुसरा गोल संथ गतीने पाहण्यासारखा आहे. चेंडू मिळतो तेव्हा तो स्वतःच्याच अर्ध्या भागात, प्रतिस्पर्धी गोलकडे पाठ करून उभा असतो. पहिल्या एका गिरकीतच दोघे मागे पडतात. पुढे प्रत्येक स्पर्श डाव्या पायाचा. बचावपटूने वजन कुठल्या पायावर टाकलंय हे पाहून तो दुसऱ्या बाजूने निघतो, म्हणूनच वेग फार न वाढवताही तो सुटत जातो. चार मिनिटं आधीचा गोल त्याने हाताने केला होता, हेही लिहून ठेवा.

गोलसंख्येवर मात्र तो हरेल, आणि त्याचं कारण समजून घ्यायला हवं. १९८७-८८ च्या इटालियन लीगमध्ये तो सर्वाधिक गोल करणारा ठरला, तेही फक्त १५ गोलांवर. सामने ३० आणि बचाव जगातला सर्वांत कडक. मागून पाय घालणाऱ्याला तेव्हा आजइतकी कडक शिक्षा होत नसे, आणि बॅकपास (सहकाऱ्याने मागे दिलेला चेंडू) गोलरक्षकाने हातात घेऊन वेळ काढायचा प्रकार १९९२ पर्यंत चालला. मेस्सीच्या २०११-१२ च्या ५० लीग गोलांशेजारी हे १५ नुसते मांडले तर तुलना फसते. आकडा नेहमी त्याच लीगमधल्या, त्याच वर्षीच्या इतरांशी ताडून बघा.

त्याची कमकुवत बाजू म्हणजे सातत्य. सर्वोच्च पातळीवरची त्याची वर्षं साधारण सहा-सात. १९९४ चा विश्वचषक उत्तेजक चाचणीमुळे दोन सामन्यांतच आटोपला.

मेस्सी

बार्सिलोनासाठी ७७८ सामन्यांत ६७२ गोल. बॅलन डी'ओर पहिला २००९ चा, आठवा २०२३ चा. एवढ्या वर्षांत त्याने खेळण्याची जागाही बदलली. सुरुवातीला उजव्या कडेचा, मग बनावट नऊ नंबर (आघाडीच्या मध्यभागी असून मागे येत राहणारा), शेवटी मधल्या फळीत मागे येऊन खेळ रचणारा. गोल करणं, चकवणं आणि पास देणं ही तिन्ही कामं एकाच माणसाने एकाच वेळी जगात सर्वोत्तम केली, असं दुसरं उदाहरण आम्हाला दिसत नाही.

अर्जेंटिनासाठी तो कमी पडतो, हा आक्षेप २०२१ पर्यंत खरा होता. त्या वर्षी कोपा अमेरिका आली. २०२२ मध्ये साखळीपासून अंतिम सामन्यापर्यंत प्रत्येक फेरीत त्याने गोल केला, आणि साखळी, शेवटचे सोळा, उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम अशा पाचही टप्प्यांत एकाच विश्वचषकात गोल करणारा तो पहिलाच.

रोनाल्डो

रिअल माद्रिदसाठी ४३८ सामन्यांत ४५० गोल. उपांत्यपूर्व फेरीपासून पुढच्या खेळात त्याच्यासारखा माणूस चॅम्पियन्स लीगने पाहिलेला नाही. २०१७ मध्ये बायर्न, ॲटलेटिको आणि युव्हेंटस यांच्याविरुद्धच्या शेवटच्या पाच सामन्यांत त्याने दहा गोल केले. पण विश्वचषकातले त्याचे २०२२ पर्यंतचे आठही गोल साखळी फेरीतले आहेत. गोल करणारा म्हणून तो पहिल्या दोघा-तिघांत येईल. संपूर्ण खेळाडू म्हणून आम्ही त्याला चौथ्या जागी ठेवतो.

एकच नाव द्यायचं झालं तर आमचं मत मेस्सीला, आणि अगदी थोड्या फरकाने मागे पेले. विश्वचषकाला निम्म्याहून जास्त वजन देत असाल तर हा क्रम उलटेल, आणि ते चूक ठरणार नाही.

पहिल्या दहांची यादी करताना गोल ही एकच मोजपट्टी लावली की मागची फळी गायब होते, हे हमखास घडतं. म्हणून आधी जागा वाटून घ्या. गोलरक्षकात लेव्ह याशिन. बॅलन डी'ओर (१९६३) मिळालेला तो एकमेव गोलरक्षक. बचावात बेकेनबाउअर, कारण मागून चेंडू घेऊन पुढे येणारा बचावपटू ही भूमिका त्याने घडवली. १९७४ मध्ये कर्णधार आणि १९९० मध्ये प्रशिक्षक म्हणून त्याने विश्वचषक जिंकला. रिअल माद्रिदचा डी स्टेफानो एकही विश्वचषक सामना खेळला नाही म्हणून त्याला वगळू नका. १९५६ ते १९६० च्या पाचही युरोपियन कप अंतिम सामन्यांत त्याने गोल केले. नेदरलँड्सच्या क्रायफला फक्त विजेतेपदांवर तोललं तर १९७४ च्या विश्वचषक अंतिम सामन्यातला पराभव आडवा येतो, पण जागा तयार करण्याची जी पद्धत पुढे बार्सिलोनाने चालवली, ती त्याच्याकडूनच आली. उरलेल्या दोन जागांसाठी पुस्कास (हंगेरीसाठी ८५ सामन्यांत ८४ गोल), गारिंचा, माल्दिनी आणि झिदान यांच्यात निवड करावी लागेल. आम्ही पुस्कास आणि माल्दिनी घेऊ.