जुन्या जीपसाठी स्पायसरचे दोन जॉइंट क्रॉस: ग्रीसवाला ५-१५३एक्स की सीलबंद ५-१३१०एक्स?

पावसाळ्यात ओढे-नाले ओलांडणारी जीप असेल आणि ग्रीस गन खरोखर हातात घेतली जात असेल, तर ५-१५३एक्स घ्या. गाडीखाली वर्षातून एकदाच कोणी डोकावणार असेल, किंवा मोठे टायर लावून दगडांवर चढाई करायची असेल, तर ५-१३१०एक्स. स्पायसर कंपनीचे हे दोन्ही क्रॉस, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला बसणारे अधिक चिन्हाच्या आकाराचे सांधे, उत्तम आहेत. चुकीच्या गाडीत बसवला की त्यातला चांगला क्रॉससुद्धा लवकर जातो.

विलीज सीजे आणि तिच्यावरून आपल्याकडे बनलेल्या जुन्या जीपला साधारणपणे चार क्रॉस लागतात, पुढच्या प्रोपेलर शाफ्टला (चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा) दोन आणि मागच्याला दोन. हे दोन्ही मॉडेल स्पायसरच्या १३१० मालिकेतले. कपचा (क्रॉसच्या प्रत्येक हातावर चढणारी टोपी, आत बेअरिंगच्या सुया) व्यास सुमारे २७ मिमी, समोरासमोरच्या दोन कपांच्या बाहेरच्या टोकांमधलं अंतर ८१.८ मिमी, सर्क्लिप (कप जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) बाहेरून बसणारी. मापं एकच असल्यामुळे एक काढून दुसरा त्याच योकमध्ये (क्रॉस धरणारा दुशाखी भाग) बसतो. तरी दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगून क्रॉस मागू नका. या गाड्यांचे शाफ्ट गेल्या काही दशकांत इतके अदलाबदल झालेत की आत नेमकं काय आहे ते व्हर्नियरच सांगतो. जुना क्रॉस काढा, मोजा आणि तोच सोबत न्या.

फरक आहे तो क्रॉसच्या पोटात. ५-१५३एक्समध्ये चारही हातांतून ग्रीस जायला आरपार छिद्रं पाडलेली असतात आणि मधोमध ग्रीस भरायचा निपल असतो. ५-१३१०एक्स भरीव आहे, त्यात छिद्र नाही, म्हणून तेवढ्याच मापात तो जास्त टॉर्क सोसतो. ग्रीसवाला क्रॉस तुटतो तेव्हा बहुतेक वेळा निपलच्या छिद्रापासूनच चीर जाते.

मग पाण्यासाठी ग्रीसवालाच का? घाट उतरून तापलेला जॉइंट थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठाखालून पाणी, त्यासोबत बारीक गाळ, आत ओढला जातो. ग्रीसवाल्यात तुम्ही संध्याकाळी गन लावून ते पाणी बाहेर ढकलू शकता. सीलबंदमध्ये एकदा शिरलेलं पाणी आतच राहतं आणि सुया गंजायला लागतात. सीलभोवती तांबूस भुकटी दिसली की समजा, तो क्रॉस आतून संपला आहे.

ग्रीस भरण्यात लोक एक चूक हमखास करतात. एका सीलमधून ग्रीस डोकावलं की काम झालं म्हणून थांबतात. चारही सीलमधून स्वच्छ, नवं ग्रीस बाहेर आलं पाहिजे. तीन कप भरले आणि चौथा कोरडा राहिला, तर गन चालू ठेवून शाफ्ट हाताने चौथ्या कपाच्या उलट बाजूला रेटा. तरी येत नसेल आणि तो कप यूबोल्टखाली (कप धरून ठेवणारा यू आकाराचा बोल्ट) असेल, तर यूबोल्ट थोडा सैल करून पंप करा आणि पुन्हा कसा. एवढं करूनही कोरडाच राहिला तर क्रॉस काढावा लागेल. त्या एका हातावरच्या सुया कोरड्या फिरत आहेत. गन हाताचीच वापरा, हवेच्या दाबावर चालणारी गन सील उलटवते. ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, ईपी (जास्त दाब सोसणारं), ग्रेड २. सोडियम बेसचं ग्रीस पाण्यात विरघळतं, ते इथे चालत नाही. कोरड्या रस्त्यावर ३,००० ते ५,००० किमीला एकदा पुरतं. पाण्यातून गाडी काढली तर त्याच दिवशी. स्लायडिंग योकचा (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा भाग) निपल विसरू नका, पण तिथे दोन-तीन पंप बस. ठासून भरलं तर शाफ्टला आत सरकायला जागा राहत नाही.

क्रॉस गेला हे कसं ओळखायचं? हळू चालताना चाकाच्या लयीत येणारी चिकचिक म्हणजे कोरडा क्रॉस. पुढून रिव्हर्सला टाकताना टक्क असा आवाज म्हणजे ढिला क्रॉस. चाकांना उटी लावा, गिअर न्यूट्रल करा, आणि एका हाताने शाफ्ट, दुसऱ्याने फ्लँज (शाफ्ट जिथे जोडलेला असतो तो भाग) धरून उलटसुलट पिळा. कप आणि क्रॉसमध्ये बोटांना जाणवेल इतका ढिलेपणा असला तरी तो बदलायचा.

बदलताना सगळ्यात आधी ही गोष्ट: विलीजच्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या आणि मागच्या शाफ्टला ताकद वाटणारी गिअरची पेटी) मागच्या शाफ्टवर काम करतो. मागचा प्रोपेलर शाफ्ट सुटला की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी मोकळी. उतारावर हे काम करूच नका, आणि सपाटीवरही चाकांना दोन्ही बाजूंनी उटी हवीत.

शाफ्ट काढण्याआधी फ्लँज, योक आणि स्लायडिंग योकच्या दोन्ही भागांवर रंगाने रेघ मारा. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका पातळीत यायला हवेत. स्प्लाइन एक दात जरी चुकली तरी गाडी वेगात थरथरते आणि नवा क्रॉस महिनाभरात ढिला होतो. सर्क्लिप काढून शाफ्ट बाकाच्या व्हाइसमध्ये घ्या. एका बाजूला २७ मिमीपेक्षा लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला कप आत मावेल असा पाइपचा तुकडा, आणि दाबून कप बाहेर काढा. शाफ्टच्या नळीवर हातोडा मारू नका, पोचा पडला की बॅलन्स गेला.

योकची भोकं बारीक एमरीने स्वच्छ करा, सर्क्लिपच्या खाचेतला गंज टोकदार सळईने काढा. निपल शाफ्टच्या नळीकडे तोंड करून येईल असा क्रॉस धरा, नाहीतर पुढे गनच पोहोचत नाही. आता सगळ्यात नाजूक टप्पा. कप दाबताना एखादी सुई आडवी पडून कपच्या तळाशी जाते. कप पूर्ण बसत नाही, सर्क्लिप खाचेत शिरत नाही, आणि मग तो हातोड्याने ठोकला जातो. सर्क्लिप सहज बसली नाही तर तिथेच थांबा, कप काढा, सुया पुन्हा उभ्या लावा. सुयांना आतून ग्रीसचा जाड लेप दिला तर त्या जागच्या हलत नाहीत, आणि क्रॉसचा हात कप बसेपर्यंत आतच ठेवायचा.

दोन्ही सर्क्लिप बसल्यावर योकच्या कानांवर पितळी हातोडीने हलके ठोके द्या, म्हणजे कप बाहेर सरकून सर्क्लिपला टेकतात. क्रॉस बोटांनी सगळीकडे सारखा फिरला पाहिजे. किंचित जड चालेल, अडखळणारा नको.

यूबोल्ट मात्र जोर लावून कसू नका. १३१० साठी १९ ते २३ न्यूटन-मीटर पुरतं, टॉर्क रेंच वापरा. जास्त कसलं तर कप अंडाकृती होतो, सुया क्रॉसच्या हातात रुततात आणि क्रॉसवर सुयांच्या आकाराच्या रेघा उमटतात. अशा रेघा असलेला जुना क्रॉस हातात आला की आधी यूबोल्टवर शंका घ्या. दुसरी शंका उंच केलेल्या सस्पेन्शनवर: शाफ्टचा कोन वाढला आणि दोन्ही टोकांचे कोन जुळत नसतील, तर कोणत्याही कंपनीचा क्रॉस टिकत नाही.

बिननावाच्या डबीतले क्रॉस दिसायला हुबेहूब असतात. विकत घेण्याआधी कप काढून बघा: क्रॉसच्या हातावर ग्राइंडिंगची एकसारखी चकाकी हवी, सीलचा ओठ मऊ आणि अखंड हवा, सर्क्लिप दाबून सोडल्यावर मूळ आकारात यायला हवी. डबीत चार कप, चार सर्क्लिप आणि ग्रीसवाल्यात एक निपल आहे ना तेही मोजा. शाफ्ट चढवल्यावर शे-दोनशे किलोमीटरनंतर यूबोल्टचा टॉर्क पुन्हा तपासा आणि सर्क्लिपवरून बोट फिरवून त्या खाचेत बसल्या आहेत का बघा.