गुलाबी मनोरा उत्तम, खरखरीत अक्षरं मात्र बघून घ्या

सांगलीच्या गणपती पेठेत बालवाडीसाठीचं लाकडी माँटेसरी साहित्य बघायला जाणार असाल, तर फूटपट्टी सोबत न्या. गुलाबी मनोऱ्यात एकावर एक रचायचे १० घनाकार ठोकळे: सर्वांत लहान १ सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा १० चा. दोन लगतचे ठोकळे एका कोपऱ्याला जुळवून ठेवा. खालच्याची जी पायरी उरते तिच्यावर १ सेंटिमीटरचा ठोकळा नेमका बसला पाहिजे. आम्ही पाहिलेल्या संचात तो सगळीकडे बसतो. रंगाचा थर जाड असला की इथंच फसतं.

दट्ट्यांच्या पाटाला, म्हणजे ज्याच्या भोकांत मापाचे लाकडी दट्टे बसवायचे त्या ठोकळ्याला, पावसाळ्यात जपा. लाकूड फुगलं की दट्ट्या अडकतो आणि मुलाला वाटतं, आपलंच चुकलं. खरं तर चूक साहित्यानं दाखवायची, बाईंनी नाही. १९०७ साली रोममध्ये सुरू झालेल्या मारिया माँटेसरींच्या पहिल्या बालगृहापासूनची ही मूळ कल्पना.

खरखरीत अक्षरांवर, म्हणजे बोटांनी गिरवायच्या पॉलिश पेपरच्या अक्षरांवर, आमची नाराजी आहे. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे, आणि ‘ळ’ तर नाहीच! मग मुलानं ‘बाळ’ कसं गिरवायचं? कागदही फार राठ. दोन बोटं हलकी फिरवायची, सोलून काढायची नाहीत. शंभर-दीडशे नंबरचा पॉलिश पेपर आणून पुठ्ठ्यावर मराठी वळणाची अक्षरं घरीच चिकटवा, स्वर निळ्या पाटीवर, व्यंजनं गुलाबी.

मनोरा आणि दट्टे घ्या. अक्षरांचा डबा दुकानातच राहू द्या.