फ्रोझन बेरी, क्रश की सुकी क्रॅनबेरी: पैसे कशावर घालावेत?

मेंदू तल्लख राहतो, पोट साफ राहतं, या नावाखाली सध्या बेरीचं काहीही खपतं: फ्रोझन ब्लूबेरीची पाकिटं, स्ट्रॉबेरी क्रश, सुक्या क्रॅनबेरी, जांभूळ पावडर. फळ जवळपास तेच, पण माल फार वेगळा. आमचा कौल आधीच सांगून टाकतो. बारा महिने खायचं असेल तर फ्रोझन पाकीट, थंडीत महाबळेश्वर-पाचगणीची ताजी स्ट्रॉबेरी. बाकीचं गोड खाऊ म्हणून घ्या, औषध म्हणून नको.

कारण पोटात काय होतं त्यात आहे. बेरीचा लाल-जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. लहान आतड्यात तो थोडाच शोषला जातो. उरलेला मोठ्या आतड्यात उतरतो, तिथले जीवाणू त्याचे तुकडे करतात आणि त्यातून तयार झालेली फेनॉलिक आम्लं रक्तात जातात. म्हणजे मेंदूपर्यंत जे काही पोचतं त्यातलं बरंचसं जीवाणूंच्या हातून गेलेलं असतं. या जीवाणूंना चोथाही लागतो, म्हणून गाळलेल्या रसापेक्षा अख्खं फळ सरस. स्ट्रॉबेरी आणि रासबेरीतल्या एलाजिटॅनिन या घटकापासून मोठ्या आतड्यात युरोलिथिन नावाचं संयुग बनतं, पण ते बनवणारे जीवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. एकाच वाटीतलं दोघांनी खाल्लं तरी दोघांना सारखंच मिळेल असं नाही.

आता पुराव्याचं. अमेरिकेतल्या नर्सेस हेल्थ स्टडीत, म्हणजे परिचारिकांच्या आरोग्याच्या दीर्घ पाहणीत, सत्तरीपुढच्या १६,००० हून अधिक स्त्रियांची माहिती तपासली गेली. २०१२ च्या त्या अहवालात, ब्लूबेरी-स्ट्रॉबेरी जास्त खाणाऱ्यांची स्मरणशक्ती घसरण्याचा वेग कमी दिसला. फरक अडीच वर्षांपर्यंतचा. प्रमाण तरी किती? आठवड्यातून अर्धा कप ब्लूबेरी एकदा, किंवा अर्धा कप स्ट्रॉबेरी दोनदा. पण हे निरीक्षण होतं. बेरी खाणारी माणसं एरवीही तब्येतीला जपणारी असू शकतात. मेंदूसाठी आखलेल्या, बेरीचा समावेश असलेल्या ‘माइंड’ आहाराची ६०४ जणांवर ३ वर्षं रीतसर चाचणी झाली, तिचा निकाल २०२३ मध्ये आला. तुलनेच्या गटापेक्षा ठळक फरक दिसला नाही. तेव्हा ‘स्मरणशक्ती वाढवते’ असं ठामपणे छापणाऱ्या पाकिटाला एक गुण तिथेच कमी.

फ्रोझन पाकीट निवडताना ते हातात धरून हलवा. फळं सुटी, खडखडणारी हवीत. आत एकच गोळा झाला असेल किंवा बर्फाचा जाड भुगा असेल, तर माल वाटेत वितळून पुन्हा गोठलाय. घटकांच्या यादीत फळाशिवाय काही नको. ‘शुगर सिरप’ दिसलं की ठेवून द्या. खरेदीत फ्रोझन पाकीट सगळ्यात शेवटी उचला. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा बहुधा उणे १८ अंशांपर्यंत जात नाही, तिथे किलोचं पाकीट महिनोन्‌महिने ठेवू नका.

गोठवल्यानं विषाणू मरत नाहीत. २०१३ मध्ये युरोपात आणि २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात फ्रोझन बेरीतून हिपॅटायटिस ए (विषाणूमुळे होणारी कावीळ) पसरला होता. घरात गरोदर बाई किंवा यकृताचा रुग्ण असेल तर फळं एक मिनिट खळखळून उकळा. रंग थोडा उतरेल, उतरू दे.

एरवी अर्धा कप, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम, रात्री झाकणाच्या डब्यात काढून फ्रिजमध्ये खाली ठेवा. सकाळी फळं लिबलिबीत होतात, कारण बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फुटलेल्या असतात. तळाशी साचलेलं जांभळं पाणी ओतून देऊ नका, रंग त्यातच आहे. ते सगळं दह्यात घाला. स्मूदीत केळं मात्र टाळा. केळ्यातलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) बेरीतल्या फ्लॅवनॉल या उपयुक्त घटकाची वाट लावतं. २०२३ च्या एका छोट्या प्रयोगात केळ्याच्या स्मूदीमुळे ते रक्तात ८४ टक्के कमी पोचलं. सोडा घातलेल्या केकमध्ये बेरीभोवती हिरवट-निळे डाग पडले तर घाबरू नका, तो अल्कलीचा खेळ.

क्रशचं काय? नियमाप्रमाणे त्यात फळ किमान २५ टक्के आणि विद्राव्य घटक किमान ५५ टक्के लागतात. हे विद्राव्य घटक म्हणजे मुख्यतः साखर. दुधात झकास लागतं, पण पोटातल्या जीवाणूंच्या नावानं पिऊ नका. सुकी क्रॅनबेरी त्याहून फसवी: मूळ फळ इतकं आंबट की सुकवताना ते बहुधा साखरेत मुरवतात, १०० ग्रॅममध्ये ६५ ग्रॅमच्या आसपास साखर. ताज्या स्ट्रॉबेरीत तीच ५ ग्रॅम.

जांभूळ पावडरीचं लेबल नीट वाचा. बहुतेक वेळा ती बियांची असते आणि अँथोसायनिन असतं सालीत आणि गरात. वरचं संशोधन ब्लूबेरी-स्ट्रॉबेरीवरचं आहे; पण रंगद्रव्य त्याच कुळातलं हवं असेल तर पावडरीपेक्षा जून-जुलैतली जांभळं घ्या. धुऊन कोरडी करा, बिया काढा, ताटात एक थर पसरून चार-पाच तास गोठवा आणि मगच पिशवीत भरा. एकदम पिशवीत कोंबली तर वीट होते. बिया काढून हात जांभळे झाले की आधी लिंबू चोळा. थेट साबण लावलात तर डाग उलट निळा पडतो.