टेबलांची यादी दिसली आणि मी पैसे पाठवले

सुरुवातीची चूक माझीच. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ आवृत्तीवरून ८.० वर जाताना जुना सर्व्हर बंद व्हायला वेळ लावत होता, म्हणून प्रोसेस सरळ किल केली. मग नवा सर्व्हर उठेना. लॉगमध्ये ओळ होती: क्रॅशनंतर अपग्रेड चालत नाही, रिडो लॉग (डेटा फाइलींत अजून न उतरलेल्या बदलांची नोंद) ५.७ चा आहे. घाबरलेला माणूस लॉग वाचत नाही, मदतीला कोण येईल ते शोधतो.

मला एक 'रिकव्हरी तज्ज्ञ' सापडला. लॉग न बघताच म्हणाला, "फाइली करप्ट झाल्यात, उशीर केलात तर काही हाती लागणार नाही." अर्धे पैसे आगाऊ आणि रूट लॉगिन (सर्व्हरवर काहीही करायची मुभा), दोन्ही दिलं. आधी डेटा फोल्डरची कॉपी काढू का, विचारलं तर "त्यात वेळ जाईल." तिथंच त्याला थांबवायला हवं होतं. बॅकअप ३ आठवड्यांचा जुना, म्हणून गप्प बसलो.

संध्याकाळी स्क्रीनशॉट आला. सर्व्हर चालू, टेबलांची पूर्ण यादी, एकही नाव कमी नाही. डेटाबेसचा पासवर्ड मात्र त्याने बदललेला. "उरलेले पाठवा, नवा पासवर्ड देतो." पाठवले. पहिल्याच टेबलवर सिलेक्ट (ओळी वाचायची कमांड) चालवलं तर उत्तर आलं, हे टेबल इंजिनमध्ये, म्हणजे डेटा प्रत्यक्ष साठवणाऱ्या इनोडीबीमध्ये, नाही. त्याचा फोन बंद.

५.७ मध्ये ती यादी एफआरएम फाइलींवरून बनते. त्यांत टेबलाची रचना असते, डेटाचा कणही नसतो. शेल हिस्टरीत (सर्व्हरवर दिलेल्या कमांडची नोंद) या पठ्ठ्याचे प्रताप सापडले: ५.७ परत बसवला, फोर्स रिकव्हरी, म्हणजे बिघाड असूनही सर्व्हर जबरदस्तीने उठवायची सेटिंग, एकदम ६ वर (४ पासून पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो, मॅन्युअलमध्येच लिहिलंय), मग आयबीडेटा१ (कोणती टेबलं आहेत याची इंजिनची स्वतःची नोंद असलेली फाइल) आणि रिडो लॉगच्या दोन्ही फाइली उडवल्या. रिकाम्या नव्या फाइली बनल्या आणि सर्व्हर आनंदाने सुरू झाला.

म्हणून यादी बघून पैसे देऊ नका. तुम्ही सांगाल त्या टेबलातल्या, तुम्ही सांगाल त्या ओळी मागा. ओळींची संख्या दाखवली तरी विचारा कुठून आणली; इन्फर्मेशन स्कीमातला (मायएसक्यूएलने टेबलांविषयी ठेवलेल्या माहितीतला) आकडा इनोडीबीसाठी नुसता अंदाज असतो. आणि मूळ फाइलींना कुणालाही हात लावू देऊ नका, काम कॉपीवरच.

नशिबाने आयबीडी फाइली, म्हणजे प्रत्येक टेबलाचा खरा डेटा असलेल्या फाइली, शाबूत होत्या. त्याच रचनेचं टेबल बनव, टेबलस्पेस (त्याची नवी रिकामी आयबीडी फाइल) डिस्कार्ड कर, जुनी फाइल ठेव, इम्पोर्ट कर, असं करत ६ रात्री गेल्या. २ टेबलं आलीच नाहीत.

नंतर दुसऱ्या मशीनवर मुद्दाम तोच घोळ घातला. ५.७ नुसता पुन्हा सुरू केला, त्याने रिडो लॉग आपणहून लावून घेतला. नीट बंद केला, तर ८.० मुकाट उठला. त्या माणसाने ५.७ परत बसवलाही होता.