सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी: १४ महिन्यांनंतर

बाबा पहिल्यांदा या गाडीत बसले तेव्हा नळ स्टॉपला पुलाखालच्या सिग्नलवर इंजिन बंद झालं. ते लगेच म्हणाले, "बंद पडली ना? तरी सांगत होतो, सेकंडहँड घेऊ नकोस." दिवा हिरवा झाला, मी क्लच दाबला आणि गाडी आवाज न करता चालू झाली. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या सिग्नलला त्यांचा हात हँडब्रेकजवळ होता.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये घेतली तेव्हा गाडी तीन वर्षं वापरलेली होती. दीड लिटर पेट्रोल, पाच गिअर, हाताने बदलायचे. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होण्याचा हा प्रकार आता जवळजवळ सगळ्यांच्याच गाड्यांत आहे आणि मला बोलायचंय ते त्या प्रकाराबद्दल. माझा रोजचा रस्ता कोथरूड ते खराडी. कर्वे रस्ता, डेक्कन, मग बंडगार्डनचा पूल ओलांडून नगर रस्ता. जाऊन-येऊन ३४ किलोमीटर आणि सिग्नल इतके की मोजायचं मी केव्हाच सोडलं. या यंत्रणेची परीक्षा घ्यायला यापेक्षा बरा रस्ता पुण्यात सापडायचा नाही.

वापरायला सोपं आहे. गाडी थांबवायची, न्यूट्रल करायची, क्लचवरून पाय काढायचा की इंजिन बंद. क्लच दाबला की चालू. बेल्टने इंजिनाला जोडलेली एक मोटर हे काम करते. तीच धावताना जनरेटर होऊन बॅटरी भरते. त्यामुळे स्टार्टरचा खर्रर्र आवाज फक्त सकाळी पहिल्यांदा ऐकू येतो, नंतर दिवसभर नाही. ज्या गाड्यांत नेहमीचा स्टार्टरच जरा मजबूत करून बसवलेला असतो, तिथे दर सिग्नलला एक झटका आणि एक खरखर असते. एका सहकाऱ्याच्या गाडीत बसून मी ते अनुभवलं आहे. घेण्याआधी एवढं एक जरूर बघा, कारण पुढे तुम्हाला ही यंत्रणा आवडणार की तिचा राग येणार, ते बरंचसं यावर ठरतं.

त्या सहकाऱ्याची गाडी ऑटोमॅटिक आहे, हाही फरक मोठा. माझ्याकडे निर्णय माझा असतो. मुंगीच्या चालीने सरकणाऱ्या रांगेत मी पहिला गिअर सोडत नाही, मग इंजिनही बंद होत नाही. त्याच्याकडे निर्णय ब्रेकचा. पुढची रिक्षा थांबली म्हणून ब्रेक दाबला की इंजिन बंद, रिक्षा दोन फूट सरकली की चालू, परत बंद. आता तो ब्रेक अगदी हलका धरतो. जोरात दाबला तरच बंद होते, हे त्याला दोन महिन्यांनी कळलं. तोवर रोज सकाळी डॅशबोर्डवरचं ते गोल बाणातलं ‘ए’ लिहिलेलं बटण दाबून यंत्रणा बंद करायचा.

रोज, कारण गाडी बंद करून चालू केली की यंत्रणा आपली पुन्हा हजर! बटण लक्षात का ठेवत नाही, याला कारण आहे. मायलेजची सरकारी चाचणी गाडी ज्या अवस्थेत चालू होते त्या अवस्थेत होते. युरोपच्या जुन्या चाचणीत जवळजवळ पाव वेळ गाडी नुसती उभी असायची आणि आपली भारतीय चाचणी त्याच घाटाची, फक्त कमाल वेग ९० वर आणलेला. उभ्या गाडीचं इंजिन बंद राहिलं की कागदावरचा आकडा छान वाढतो. बायकोच्या अ‍ॅक्टिव्हा १२५ ला याच कामाचा साधा खटका आहे, वर केला की वर, खाली केला की खाली, उद्याही तिथेच. मला तो जास्त प्रामाणिक वाटतो.

आता मे महिन्याचं. पुण्याच्या मे महिन्यात ही यंत्रणा जवळजवळ सुट्टीवर असते. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच बेल्टवर चालतो. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, मागे राहतो नुसता पंखा. त्यामुळे गाडीतली हवा हवी तेवढी गार झाल्याशिवाय गाडी इंजिन बंद करतच नाही आणि दुपारी उन्हात उभी केलेली गाडी खराडीहून येरवड्यापर्यंत काही गार होत नाही. संध्याकाळी उशिरा निघालो तर बंद होते, पण गुंजन चौकाचा लांबलचक सिग्नल लागला की अर्ध्या मिनिटात झरोक्यातून दमट हवा आणि तिच्यासोबत एक कुबट वास. गार कॉइलवरचं पाणी सुकायला लागलं की तो येतो. मग गाडी स्वतःच इंजिन चालू करते, किंवा मीच क्लच दाबतो. पहिल्या महिन्यात मला वाटलं एसी बिघडला. बिघडला नव्हता.

बंद न होण्याची बाकीची कारणं मला हळूहळू कळत गेली. इंजिन पुरेसं तापलेलं नसणं, स्टिअरिंग वळलेलं असणं, सीटबेल्ट नसणं, ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या सर्व्होतला व्हॅक्यूम कमी होणं. आणि बॅटरी. बॅटरीचं तर सांगायलाच हवं.

जुलैत एकदम लक्षात आलं की गेले दहा-बारा दिवस गाडी सिग्नलला बंदच होत नाहीये. मला वाटलं, बरं झालं, पावसात कटकट नको. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी कॉम्प्युटर लावून "सगळं नॉर्मल आहे सर" असं सांगून धुऊन परत दिली. पंधरा दिवसांनी सकाळी किल्ली फिरवली तर फक्त टक्-टक्. बॅटरी संपत आली की गाडी सगळ्यात आधी हीच यंत्रणा बंद ठेवते, उरलेला करंट सकाळच्या स्टार्टसाठी राखून. म्हणजे गाडी मला जवळजवळ महिनाभर सांगत होती आणि मी खूश होतो.

कोपऱ्यावरचा बॅटरीवाला म्हणाला, "दादा, साधी टाका ना, काय फरक पडतोय?" फरक पडतो. साध्या गाडीचं इंजिन दिवसातून चार-सहा वेळा चालू होतं, माझं चाळीस-पन्नास वेळा. शिवाय दर सिग्नलला दिवे, पंखा, गाणी, वायपर सगळं तेवढा वेळ बॅटरीवरच चालतं. त्यासाठी ईएफबी नावाची वेगळी बॅटरी येते, प्लेटा जाड, वारंवार भरणं-रिकामं होणं सोसणारी. महागड्या गाड्यांत एजीएम असते, ती याहून टिकाऊ आणि याहून महाग. साधी टाकली तर चालते, पण लवकर मान टाकते. मला ईएफबी साडेसात हजारांना पडली, साधी चार हजार सातशेला मिळत होती. फरक २,८०० रुपयांचा. हा आकडा लक्षात ठेवा.

कारण आता हिशेब. थंडीत एसी लागत नाही म्हणून ती वेळ निवडली. नोव्हेंबर-डिसेंबर यंत्रणा चालू, जानेवारी-फेब्रुवारी रोज बटण दाबून बंद. एकाच पंपावर, टाकी काठोकाठ भरून मोजलं. चालू असताना लिटरला १५.१, बंद असताना १४.६. महिन्याला साधारण ८१६ किलोमीटर होतात, म्हणजे जेमतेम दोन लिटर वाचले. दुसऱ्या बाजूनेही ताडून पाहिलं. मीटर दाखवतो तो इंजिन-बंद वेळ दिवसाला सरासरी ८ मिनिटं आणि असं इंजिन नुसतं उभं राहून तासाला पाऊण लिटरच्या आत-बाहेर पितं. उत्तर तेच येतं, महिन्याला दोनशे-सव्वादोनशे रुपये. उन्हाळ्यात यातलं फारसं काही मिळत नाही, पावसाळ्यात अर्धंमुर्धं. वर्षाचे धरा १,३००-१,४००. बॅटरीचे जादा २,८०० साडेतीन-चार वर्षांवर पसरले तर वर्षाला सात-आठशे गेले. उरले पाच-सहाशे. घरातल्या चौघांची एकदा मिसळ होईल, तीही ताक न घेता.

शोरूममध्ये या यंत्रणेचं जे कौतुक ऐकवतात, त्यातून हा आकडा वजा करून ऐकावं.

मग मी ती चालू का ठेवतो? शांततेसाठी. शास्त्रीनगर चौकात दोन मिनिटांचा आकडा उलटा मोजत असतो, आजूबाजूला टेम्पो धडधडत असतात आणि आपल्या गाडीत एकदम काही नाही. स्टिअरिंगची थरथरही नाही. सकाळी साडेआठला हे मला पाचशे रुपयांपेक्षा महाग वाटतं. फोनवर आईचा आवाजही तेवढाच वेळ नीट ऐकू येतो.

एक फजिती मात्र सांगून ठेवतो. डेक्कनला लाल दिवा, इंजिन बंद. मागच्या सीटवरून पाण्याची बाटली घ्यायला मी सीटबेल्ट काढला. दिवा हिरवा झाला, क्लच दाबला, काही नाही. पुन्हा दाबला, काही नाही. मागून हॉर्नचा गजर सुरू. बेल्ट काढला की गाडी समजते, चालक उतरला. मग क्लचने चालू होत नाही, किल्लीच फिरवावी लागते. पुस्तकात पान १४० च्या आसपास हे लिहिलेलं आहे, पण डेक्कनच्या सिग्नलला पुस्तक कोण उघडतो. पीएमपीच्या बसचालकाने खिडकीतून मला जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही.

बाबांनी याच्या उलट केलं. सोसायटीत गाडी लावली, न्यूट्रल, हँडब्रेक, क्लच सोडला, इंजिन बंद झालं. "बंदच तर झाली" म्हणून किल्ली तशीच ठेवून दार लोटून वर आले. गाडी खाली चिवचिवत बसली. वीस मिनिटांनी वॉचमनचा फोन, "साहेब, तुमची गाडी ओरडतेय." घरात वयस्कर माणसं गाडी चालवत असतील तर किल्ली काढायची सवय त्यांना पुन्हा शिकवावी लागते, आणि शिकवणं सोपं नसतं.

गंमत म्हणजे मूळ कल्पना बाबांचीच. रेल्वेचं फाटक पडलं की चेतक बंद करायची, आगगाडी गेली, फाटक उघडायला लागलं की तिरकी करून किक मारायची, असं त्यांनी वीस वर्षं केलंय. इंजिनाची झीज होते का, हा माझा प्रश्न मी आमच्या मेकॅनिकला विचारला होता. तो म्हणाला, झीज थंड इंजिन चालू करताना होते, गरम इंजिनात तेल जागेवर असतं. बाबांनी तेच उत्तर त्याच्याआधी दिलं होतं.

सध्या मी बटण दोनच ठिकाणी दाबतो. एक, पार्किंगमधून वर येणाऱ्या चढावर, जिथे समोरून कोणी आलं की थांबावं लागतं आणि तेवढ्यात इंजिन बंद झालेलं मला नको असतं. दुसरं, बंडगार्डनच्या पुलाआधी जिथे रांग सरकते-थांबते. बाबांचा हात आता हँडब्रेकजवळ नसतो. परवा एका सिग्नलला इंजिन बंद झालं नाही, तर त्यांनीच विचारलं, "का रे, बॅटरी गेली का?"